कनवटीतलं कार्ड

मला राग धरता येतो. आमच्या आईचा राग दुपारी आला तर संध्याकाळच्या चहाला उतरायचा. धाकट्या बहिणीचा तर तेवढाही टिकत नाही. माझा मात्र मुरतो. म्हणून बहिणीच्या सासूनं तिला सगळ्या भावकीदेखत चोर म्हटलं तेव्हा बहीण रडली, मी नाही रडले. मी पानातली पुरणपोळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, हात धुतला आणि मनात म्हटलं, आत्याबाई, हा शब्द तुम्हाला ह्याच भावकीपुढं परत गिळायला नाही लावला तर बघा.

तो दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा होता. बहिणीचं सासर गंगाखेडजवळच्या एका खेड्यात. माझं पूर्णेत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, ते बंद ठेवून मी सवाष्ण म्हणून रेल्वेनं तिकडं गेले होते. बहीण त्या घरची थोरली सून. महालक्ष्म्यांना निवद दरसाल तीच दाखवते. सोळा भाज्या, पुरण, आंबिल, सगळं रांधून ती ताट घेऊन पुढं आली, आणि सासू उठून मधे उभी राहिली.

"ठिव ते ताट खाली," ती म्हणाली. "ज्या हातानं माझ्या कार्डातले पैसे उचलले, त्या हाताचा निवद माझ्या लक्ष्म्यांना चालायचा न्हाई."

घरात पन्नासेक माणूस असेल. चुलत जावेनं पुढं होऊन बहिणीच्या हातातलं ताट घेतलं. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, नुसतं ताट काढून घेतलं. बहीण रिकामे हात पुढं धरून तशीच उभी राहिली. तिचा नवरा दारातल्या खांबाला टेकून मोबाइल बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान वर केली नाही. बायकोला चोर म्हणायला लागलेत आणि ह्या गड्याला मोबाइलमधून डोकं काढावंसं वाटत नाही. धन्य आहे बाबा तुझी.

आता कार्डाचं सांगते. बहिणीचे सासरे शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर सासूला पेन्शन सुरू झाली आणि बँकेनं तिला एटीएम कार्ड दिलं. सासूला मशीनची धास्ती. ते मशीन कार्ड गिळून टाकतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून महिन्यातून एकदा बहीण गंगाखेडला जाऊन पैसे काढून आणायची. कार्डाचा चार आकडी नंबर तिच्या एकटीच्याच तोंडपाठ. परत आली की नोटा आणि कार्ड सासूच्या हातात, आणि सासूच्या हातातून कार्ड थेट कनवटीत. नऊवारी लुगड्याला कमरेशी पीळ देऊन खोचलेली ती घडी, तिच्यात तंबाखूची डबी, कपाटाची किल्ली आणि आता हे कार्ड. झोपताना, उठताना, शेतात जाताना ते कमरेलाच. त्या पिढीच्या बायकांचा कनवटीवर जेवढा विश्वास, तेवढा पोटच्या पोरावर नसतो. निदान मला तसं वाटत होतं.

आणि तरी पैसे जात होते. खात्याला मोबाइल जोडलेला होता तो धाकट्या लेकाचा, कारण सासूकडं मोबाइल नाही आणि बँकेचे कागद त्यानंच भरले होते. परभणीत त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं दुकान. बँकेचा मेसेज त्याला जायचा आणि तो आईला फोन करायचा, "माय, पुना गेले बग. वहिनीला इचार." हे 'वहिनीला इचार' तो कधी विसरायचा नाही. पासबुक छापून आणलं तर त्यात एटीएम नव्हतं. कुठल्यातरी दुकानात मशीनवर दिल्याची नोंद होती, पण दुकानाचं नाव नाही, नुसतं मशीन पुरवणाऱ्या कंपनीचं लांबलचक नाव. सासूनं हिशेब एका दमात लावला. कार्ड माझ्या कमरेला. नंबर हिला ठाऊक. पैसे काढायला जाती तव्हा हीच कार्ड घेऊन जाती. मंग दुकानात लुगडी घ्यायला दुसरं कोण जाणार?

त्या दिवशी बहीण मला गाडीला सोडायला स्टेशनापर्यंत आली. फलाटावरच्या बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, "ताई, मी न्हाई गं घेतले."

"तुला मी विचारलं का?" मी खेकसले. राग कुणाचा आणि निघतो कुणावर.

त्यानंतर जे झालं ते चोर म्हणण्यापेक्षा वाईट होतं. बहीण भावकीतल्या एका बारशाला गेली. पलंगावर बायकांच्या पर्सा पडलेल्या होत्या. ही पलंगाच्या कडेला टेकली, तशी एकेकीनं गप्पा मारता मारता आपापली पर्स उचलून मांडीवर घेतली. बाळाला पाळण्यात घातलं, गाणी म्हटली, पेढे वाटले. बहिणीनं मला हे फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "मी आता कुठं जायची न्हाई ताई. घरीच बरं हाय." बावीस वर्षं जिनं त्या घराचं पाणी भरलं, ती बाई आता कुणाच्या दारात जायला भ्यायली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं नाव जिथं घालवलं तिथंच, त्याच माणसांपुढं ते परत आणायचं, ह्याहून कमीवर मी राजी होणार नव्हते.

पण आणायचं कसं? मला तरी कुठं ठाऊक होतं की पैसे कोण आणि कसे नेतंय.

ते मला माझ्याच दुकानात कळलं. दसऱ्याच्या आधीची घाई होती. एक शिक्षिका बाई ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. माझ्याकडं कार्ड घेणारं मशीन आहे, ते बोलतं. पैसे आले की मोठ्यानं सांगतं, म्हणजे मला शिलाई मशीनवरून मान काढावी लागत नाही. मी त्यात शिलाईचा आकडा घातला, मशीन काउंटरवर ठेवलं आणि ब्लाऊजला हूक लावायला घेतला. बाईंनी आपली पर्स धपकन मशीनवर ठेवली आणि पिशवीची घडी उलगडायला लागल्या. तेवढ्यात मशीन बोललं. रक्कम प्राप्त झाली.

"अहो, मी अजून कार्ड काढलंच नाही!" बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्सची चेन उघडली. कार्ड आत, पुढच्या कप्प्यात, आरामात. त्यावर वायफायसारख्या वाकड्या चार रेघा होत्या. टॅप करायचं कार्ड, ठरावीक रकमेपर्यंत त्याला नंबर लागत नाही, एवढं मला माहीत होतं. पण टॅप म्हणजे कार्ड हातात घेऊन मशीनला लावायचं, असं मी धरून चालले होते. पर्सच्या कातड्यातून, अस्तरातून ते आपलं आपण पैसे देऊन मोकळं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाई गेल्या आणि मी शटर अर्धं खाली ओढलं. कापडाचंच दुकान, परीक्षा घ्यायला काही कमी नव्हतं. माझं स्वतःचं कार्ड घेतलं, मशीनवर एक रुपया टाकला. सुती कापडाखाली धरलं, एक रुपया प्राप्त झाला. अस्तर, खण, कॉलरमधे घालतात ते जाड कॅनव्हास, पैठणीचा काठ. जरीनं तरी अडवावं, तर ती जर प्लास्टिकची. प्रत्येक वेळी मशीन ओरडून सांगतंय आणि मीच मला लुटतेय. शेवटी गिऱ्हाईकाचं एक नऊवारी पिकोला आलेलं होतं, त्याचा सोगा कमरेला गुंडाळला, पीळ घातला, कार्ड आत खोचलं आणि मशीन कमरेशी नेलं.

एक रुपया प्राप्त झाला.

म्हणजे कनवटीला काहीच अर्थ नव्हता. कनवट माणसाच्या हाताला अडवते, ह्याला नाही. माझ्या डब्यात पोळ्या गुंडाळलेला चंदेरी कागद होता. सहज म्हणून कार्ड त्यात गुंडाळलं आणि मशीनला लावलं. मशीन गप्प. दाबून धरलं, उलटं धरलं, गप्पच. एवढं बोलकं मशीन, पोळीच्या कागदापुढं त्याची वाचा बसली. मला हसू आलं आणि त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं, हे मी कबूल करते.

कसे जातात ते कळलं. कोण नेतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या बँकेत जाऊन खिडकीतल्या माणसाला विचारलं, "हे टॅपचं आपोआप चालू असतं का हो?" तो म्हणाला, "नाही मावशी, नव्या कार्डावर बंद असतं. चालू करावं लागतं." मी म्हटलं, "कोण करतं चालू?" तो म्हणाला, "ज्याचं कार्ड तोच. म्हणजे खात्याला जोडलेला मोबाइल ज्याच्या हातात असेल, तो." आणि पुढच्या माणसाचा चेक घ्यायला लागला.

जोडलेला मोबाइल. वहिनीला इचार म्हणणारा मोबाइल.

मी बँकेच्या बाकड्यावर बसूनच बहिणीला फोन लावला. "तुझा दीर घरी येतो तेव्हा काय करतो?"

"काय करणार? जेवतो. लोळतो."

"कुठं लोळतो?"

"आत्याच्या मांडीवर. आल्या आल्या मायच्या मांडीवर डोकं ठिवून पडतो, आत्या तेल घालतात डोक्याला. चाळिशी आली तरी लाड संपना झालेत. कामून इचारायलीस?"

"मोबाइल कुठं असतो त्याचा?"

"हातातच की. तो कव्हा सुटायलाय त्याच्या हातातून."

मी एकदा त्याच्या दुकानात चार्जर घेतला होता. तिथं मशीन नव्हतं. "मशीन कशाला ताई, ह्या मोबाइललाच कार्ड टेकवा," असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता. आता मला तो डोळ्यापुढं दिसायला लागला. आईच्या मांडीवर डोकं, आईचा तेलाचा हात केसांत, आणि ह्याचा हात कनवटीशी. आणि उठून जेवून परभणीला गेल्यावर फोन, वहिनीला इचार. अरे मेल्या! मागितले असते तर तिनं दागिनेसुद्धा काढून दिले असते तुला. चोरलेस ते चोरलेस, वर माझ्या बहिणीच्या पदराला हात पुसलेस.

तरी माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून दिवाळीत मी सासूसाठी भेट शिवली. कमरेला बांधायची खणाची बटवी, मोराच्या नक्षीची, लाल गोंड्यांची. अस्तराच्या आत मी चंदेरी कागदाचे दोन पदर घातले होते आणि कडेनं बारीक टीप मारली होती, तोंडावर झाकण. शिवणकाम माझं चांगलं आहेच, पण ती बटवी मी जशी शिवली तसा नवरीचा ब्लाऊजसुद्धा कधी शिवला नाही. सासू खूश. "आता कार्ड ह्यातच ठिवते," म्हणाली, आणि शेजारणींना दाखवून आली.

पैसे जायचे थांबले. मी आनंदानं बहिणीला फोन केला, तर ती रडत होती. सासू गावभर सांगत सुटली होती, "बघा, लक्ष्म्यांपुढं बेइज्जती झाली तशी सून भ्याली. हात आवरला तिनं."

घ्या! मी कपाळावर हात मारला. चोरी झाली तरी हीच चोर, चोरी थांबली तरी हीच चोर.

पण धाकट्याला चैन पडेना. दिवाळीनंतर आला, मांडीवर आडवा झाला, ह्या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. बहीण चुलीपुढं भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "माय, कार्ड ह्या पिशवीत कामून ठिवलंस? पिशवी कुणीबी सोडून नेईल. तुझी कनवटच बरी." लेक म्हणतो म्हटल्यावर माउलीनं कार्ड मुकाट्यानं परत कनवटीत खोचलं. आणि पुढच्याच खेपेला त्याचा फोन, पुना गेले बग.

बहिणीनं हे मला रडत सांगितलं. मी मात्र फोन ठेवल्यावर देवापुढं साखर ठेवली.

मी सांगितलेलं सगळं बहिणीनं नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. तो मला फोन करून म्हणाला, "ताई, मी धाकट्याला सांगून ते टॅप गपचूप बंद करून टाकतो. घरातलं घरात मिटवू. मायचं वय झालंय."

"हिला चोर म्हणताना घरातलं घरात होतं का?" मी विचारलं. "तेव्हा पन्नास माणूस होतं. मला तेवढंच माणूस पाहिजे."

"लय ताणू नका ताई."

"तू मोबाइल बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढं माणूस पुन्हा एकत्र येतं ते वेळा अमावास्येला. आमच्याकडं येळवस म्हणतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, आणि सगळी भावकी रानात जेवायला जाते. ज्वारीच्या धाटांची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि चुन्यानं रंगवलेल्या मडक्यातली आंबिल. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला कुणी नको म्हणत नाही. मी बोलावण्याची वाट न बघता गेले. झोळीत सासूसाठी लुगडं घेतलं आणि त्याच्याखाली माझं मशीन. गाडीत बसल्यावर दोनदा चार्जिंग बघितलं.

पुरुषांची पंगत उठली. माणसं आंब्याखाली पसरली. बायकांची पंगत बसायची होती. बहीण मडक्यापाशी उकिडवी बसून आंबिल ढवळत होती, कोपरापर्यंत हात माखलेला. तिला ताट वाढायला कुणी बोलवत नव्हतं, मडकं मात्र तिच्याकडं दिलेलं होतं. सासू खोपीला टेकून पाय पसरून बसली होती आणि मांडीवर धाकटा. हातात मोबाइल. त्याला कुणीतरी हरभऱ्याचा डहाळा आणायला हाक मारली तसा तो उठला. मी झोळीतल्या झोळीत मशीनवर एक रुपया टाकला, झोळी घेऊन गेले आणि सरळ सासूच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाले.

हशा पिकला. "आवं विहीणबाई, हे काय वं?" सासू म्हणाली.

"लेकाचेच लाड करता, आज मला घ्या. मला आई नाही."

सासूसुद्धा हसली. आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला लसणाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. खरं सांगते, बरं वाटलं. आई गेल्यापासून माझ्या केसांतून कुणाचा हात फिरला नव्हता. क्षणभर मनात आलं, राहू दे, उठावं आणि लुगडं देऊन घरी जावं. तेवढ्यात तिकडं मडक्यापाशी एक जाऊ बहिणीला म्हणाली, "जरा तिकडं सरक, माझी पिशवी हाय तिथं." मी झोळी, आतल्या मशीनसकट, कनवटीशी नेली.

"एक रुपया प्राप्त झाला," मशीन म्हणालं. रानात ते भलतंच मोठ्यानं ऐकू आलं.

मी उठून बसले आणि मशीन बाहेर काढलं. "आत्या, कार्ड कुठंय?"

"हे काय, कनवटीला." तिनं चाचपून बघितलं.

"तुम्ही काढून मला दिलं का?"

"न्हाई बा."

"नंबर कुणी दाबला?"

"कुणी दाबनार? तिला सोडून ठाऊकच न्हाई कुणाला."

"ती कुठंय?"

सगळ्यांनी बहिणीकडं बघितलं. तिच्या हातावरून आंबिल गळत होती.

"मग तुमच्या खात्यातला हा रुपया कुणी चोरला?" मी विचारलं.

भावकीतले थोरले चुलते आंब्याखालून उठून आले. ते सगळ्यांत वयस्कर, त्यांचा शब्द मोडत नाहीत. म्हणाले, "पुन्यांदा कर बरं." मी मशीनवर पुन्हा एक रुपया टाकला आणि सगळ्यांपुढं, सासूला उभी करून, ते तिच्या कमरेला लावलं. एक रुपया प्राप्त झाला. बायकांत कुजबुज सुरू झाली. जिची पिशवी होती ती जाऊ पिशवी पोटाशी घेऊन उभी राहिली. आता ती कुणाला भीत होती, देव जाणे.

"माझं मशीन बोलतं म्हणून तुम्हाला कळलं," मी म्हटलं. "मुकं असतं तर? हे टॅप आपोआप चालू नसतं. खात्याला जोडलेल्या मोबाइलवरूनच चालू होतं."

धाकटा डहाळा घेऊन येत होता. त्याच्या हातातला मोबाइल दोनदा वाजून गेला होता, तो बघतच तो थबकला.

"मेसेज आला का रं?" चुलत्यांनी विचारलं.

"आला."

"हे चालू कुणी केलं मंग?"

त्यानं आईकडं बघितलं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, आणि मी त्याला नाही म्हणू देणार नव्हते, सगळी तयारी होती माझी. पण त्यानं डहाळा खाली टाकला आणि ओरडला, "मायचंच घेतलं ना? कुणा परक्याचं घेतलं काय? मायचं ते लेकराचं न्हाई का?"

झालं. पडलं तोंडातून. मी सासूकडं बघितलं. ह्या घटकेसाठी मी महालक्ष्म्यांपासून दिवस ढकलले होते. तिनं कनवटीवर हात दाबून धरला होता. मग म्हणाली, "हो की. माझ्या लेकरानं घेतलं ती काय चोरी व्हती व्हय? मागितलं असतं तर दिलंच असतं मी."

"बरं, झालं ते झालं," चुलते म्हणाले. "घरातलं घरात. सणाचा दिस हाय. बायकांची पंगत बसू द्या."

आणि खरोखर पंगत बसायला लागली! पत्रावळी मांडल्या. कुणी उंडे आणायला गेलं. धाकटा पाठ करून हात धूत होता. सुनेनं घेतलं की चोरी, लेकानं घेतलं की लाड, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसेना. माझ्या बहिणीला चोर म्हणाले तेव्हा पन्नास तोंडं होती, चोर नाही म्हणायला एक तोंड उघडेना. माझ्या अंगाची लाही झाली. मी असं काही बोलणार होते की त्या रानात पुन्हा येळवस झाली नसती.

तेवढ्यात सासूनं कनवट सोडली. कार्ड काढलं आणि बहिणीपुढं धरलं. तिला वाटलं असेल, एवढं केलं की मिटलं. "धर वं," ती म्हणाली. "उद्या गंगाखेडला जाऊन ह्या महिन्याचे काढून आण. तुझ्यावाचून जमायचं न्हाई."

बहिणीनं हात पदराला पुसले. एकेक बोट, सावकाश. पण कार्ड घेतलं नाही. ती पंगतीकडं तोंड करून उभी राहिली आणि कार्डाचा नंबर म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती काय करतेय. चारही आकडे, सुटे सुटे, शाळेत पाढे म्हणतात तसे. मग आंब्याखाली पडलेल्या पुरुषांकडं वळली आणि पुन्हा एकदा म्हणाली, त्यांनाही ऐकू जावेत म्हणून. उभ्या आयुष्यात तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

"आता हा मला एकटीला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "इथं बसलेल्या समद्यांला ठाऊक हाय. ह्याच्यापुढं पैसे गेले तर आधी ह्यांला समद्यांला चोर म्हणा, आत्या. मंग माझ्याकडं या."

आणि खाली बसून ती आंबिल ढवळायला लागली. सासूचा हात कार्डासकट तसाच पुढं राहिला. चुलत्यांनी मान फिरवली. जावा पत्रावळींकडं बघायला लागल्या. "घ्या रं कुनीतरी," सासू म्हणाली, आणि एकही माणूस ते कार्ड हातात घ्यायला पुढं आला नाही. धाकटासुद्धा नाही.